गावंडे काकांची अंबाडी

शामकांत गावंडे छत्तीस वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये होते. त्यातली शेवटची सोळा वर्षं चीफ इंजिनियर म्हणून. आपल्याकडच्या जहाजी लोकांत चीफला ‘बडा साब’ म्हणतात. ते निवृत्त झाले तरी बंदरावर कुणी जुना माणूस भेटला, की अजून तीच हाक मारतो. परदेशातल्या या छोट्या बेटावर, बुकित पंजांग भागातल्या आमच्या ब्लॉकमध्ये ते अकराव्या मजल्यावर राहतात आणि मी नवव्या. मी अनघा. एका बँकेत ऑडिटचं काम करते. त्यांना मी काका म्हणते आणि त्यांच्या पत्नीला, चित्राला, काकू. काकू नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात नर्स आहेत.

काका मूळचे मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यातले. वडील जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो एकविसाव्या वर्षी, नोकरीच्या मुलाखतीला मुंबईला गेले तेव्हा. "पाहिला आन् वाटलं, हे तर आपल्या पूर्णेला पूर आल्यासारखं दिसून राह्यलं," असं ते सांगतात. एरवी आपल्यासारखंच मराठी बोलतात, पण मनापासून काही सांगायला लागले की वऱ्हाडी बाहेर येतं.

निवृत्तीनंतरचे पहिले दोन महिने काकूंना फार जड गेले. नवरा सहा महिने समुद्रावर आणि तीन महिने घरी, या हिशोबावर त्यांचा सगळा संसार बसलेला. मुलगी ईशा तशीच मोठी झाली आणि आता मेलबर्नला नोकरी करते. काकू ड्यूटीवरून दमून घरी याव्यात तर काकांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावलेले असत. एकदा त्यांनी वॉशिंग मशीन उघडून त्याचं बेअरिंग बदललं. मशीन चांगलं चाललं होतं.

"अनघा, यांना काहीतरी काम शोध गं," काकू मला लिफ्टमध्ये म्हणाल्या. "नाहीतर उद्या हे मलाच उघडून बघतील."

काम सापडलं ते अगदी अचानक. काकांच्या जहाजावर पूर्वी फिटर असलेला को मिन नावाचा ब्रह्मदेशचा माणूस आता इथल्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात आहे. जानेवारीत तो काकांना सिटी हॉलजवळच्या त्या जुन्या इमारतीत घेऊन गेला, जिथं मजलेच्या मजले ब्रह्मी दुकानं आहेत. एका दुकानात भाजीच्या टोपलीत काकांना एक जुडी दिसली. तांबूस देठ, हाताच्या पंजासारखी पानं. एक पान त्यांनी चावून पाहिलं. जिभेच्या कडेला आंबट लागलं आणि ते तिथंच उभे राहिले.

"ही काय आहे?" त्यांनी विचारलं.

"चिन बाँग," को मिन म्हणाला. "आंबट पाला. आम्ही रोज खातो."

काकांनी तीन जुड्या घेतल्या. घरी येऊन ओट्यावर ठेवल्या. काकू आल्या, पर्स खांद्यालाच होती, आणि जुडी उचलून म्हणाल्या, "अंबाडी? इथं?"

काकू अकोल्याच्या. त्या रात्री त्यांनी अंबाडीची भाजी केली. ज्वारीच्या कण्या नव्हत्या म्हणून तांदळाच्या घातल्या, तुरीची डाळ, शेंगदाणे आणि वर लसणाची चरचरीत फोडणी. पानं जून होती, देठांचे धागे दातात अडकत होते. काकू दोन वेळा वाढून घेऊन जेवल्या. शेवटी ताट उचलताना म्हणाल्या, "छान झाली. पण जून होती. ताजी, कोवळी खुडून केली ना, की ती खरी."

बोलून त्या विसरल्याही. काका विसरले नाहीत. ते मला नंतर म्हणाले, "छत्तीस वर्षांत मी हिच्यासाठी काय नाही आणलं. सेंट आणले, जपानी कप आणले. तिनं कधी काही मागितलं नाही आन् मी कधी विचारलं नाही. हे पहिलं."

दुसऱ्या दिवशी त्याच दुकानातून त्यांनी अंबाडीच्या बियांचं पाकीट आणलं.

बी सोपं होतं. अवघड होती माती. ज्या माणसानं आयुष्य लोखंडावर आणि पाण्यावर काढलं, त्याला माती म्हणजे एकच वस्तू वाटत होती. नर्सरीत जाऊन त्यांनी सगळ्यात काळी दिसणारी, सगळ्यात जड पिशवी उचलली. काळी म्हणजे कसदार, हे वऱ्हाडातल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. रंगाचे चार रिकामे डबे धुऊन त्यांना खाली भोकं पाडली, माती काठोकाठ भरली आणि दोन्ही हातांनी दाबून दाबून घट्ट बसवली.

"इतकी का दाबता?" मी विचारलं.

"हवा राहता कामा नये," काका म्हणाले. "पोकळी राहिली की बिघाड."

सहा दिवसांत रोपं वर आली. काकांनी फोटो काढून ईशाला पाठवले. "वाह, पपा द फार्मर लाह," असं इथल्या धाटणीच्या इंग्रजीत तिचं उत्तर आलं. बाराव्या दिवशी रोपं मातीच्या पातळीवरच काळी पडून एकेक करून आडवी झाली. सकाळ संध्याकाळ घातलेलं पाणी वर तसंच उभं होतं, डब्यातल्या डबक्यासारखं. काकूंनी पाहिलं आणि आधी डासांची काळजी केली. डेंग्यूचे पेशंट त्या रोज बघतात. त्यांनी डबे स्वतः उपडे केले. माती विटेसारखी एकसंध बाहेर आली.

काकांनी एक जाड वही काढली. जहाजावर इंजिनाची नोंद ठेवतात तशीच वही, रकाने आखलेली. त्यात इंग्रजीत लिहिलं: पहिला प्रयत्न, निचरा शून्य, सर्व रोपं मृत, कारण मुख्य अभियंता.

दुसऱ्या प्रयत्नात ते दुसऱ्या टोकाला गेले. नारळाच्या काथ्याचा भुसा, कोकोपीट, तेवढाच वापरला. हलका, भुसभुशीत, पाणी घातलं की क्षणात खालून बाहेर. निचऱ्याची वेळ ते घड्याळ लावून मोजत. यावेळी रोपं मेली नाहीत, पण वाढलीही नाहीत. बोटभर उंचीवर थांबली आणि पिवळी पडली. त्या भुशात त्यांना खायला काही नव्हतं. हे काकांना इंटरनेटवर कळलं तेव्हा त्यांनी द्रवखत आणलं आणि लवकर बरं व्हावं म्हणून दुप्पट घातलं. तीन दिवसांत पानांच्या कडा जळून तपकिरी झाल्या.

एप्रिलमधल्या एका सकाळी ते कॉरिडॉरमध्ये स्टुलावर बसून त्या रोपांकडे बघत होते. मी ऑफिसला निघाले होते. समोरून एलआरटी, ब्लॉकांमधून फिरणारी छोटी रेल्वे, गेली. ब्लॉकजवळ आली की तिच्या खिडक्यांच्या काचा आपोआप धुरकट होतात, आमची घरं दिसू नयेत म्हणून. काका म्हणाले, "एका अर्थी बरंच आहे. हे कुणाला दिसायला नको."

पण एका माणसाला ते दोन महिने दिसत होतं. चार दारं पलीकडे गोह आंटी राहतात. वय चौऱ्याहत्तर, एकट्याच. त्यांच्या दारापुढे पानदान नावाचा सुवासिक पाला, मिरच्या, लक्सा नावाच्या रश्श्यात घालतात तो पाला, लेमनग्रास, सगळं दाटीवाटीनं आणि तरी चालायला वाट सोडून लावलेलं आहे. त्यांचं आणि काकांचं तोवर लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे बोलणं नव्हतं. त्या सकाळी त्या सपाता फटफटवत आल्या, काकांना काही न विचारता कुंडीत बोट खुपसलं आणि म्हणाल्या, "धिस वन नो फूड."

"खत घातलं," काका म्हणाले.

"तू बाळाला रोज बिर्याणी घालतोस?" आंटींनी विचारलं. त्यांचं इंग्रजी थोडं, मलय थोडं, आणि मधेमधे होक्किएन ही चिनी बोली. पण काका चाळीस देशांच्या बंदरांवर बोललेला माणूस, त्यांना सगळं कळत होतं.

लहानपणी आंटींच्या वडिलांची चोआ चू कांगच्या बाजूला भाजीची बाग होती आणि डुकरं होती. एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला सरकारनं जमीन घेतली, सगळं गेलं आणि त्या फ्लॅटमध्ये आल्या. माती त्यांच्या हाताला अजून माहीत होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांना यादी दिली आणि दोघं मिळून नर्सरीत गेले. तिथून भाजलेली माती आणली. ती इथंच मिळते, लालसर ढेकळांची, भट्टीत भाजून काढलेली. पाण्यानं तिचा चिखल होत नाही. पालापाचोळ्याचं कुजलेलं खत आणलं. भाताचा जाळलेला कोंडा आणला. कोकोपीट होतंच, पण आंटींनी ते बादलीत भिजवून दोनदा पिळायला लावलं. "सॉल्ट इन्साइड," त्या म्हणाल्या.

मग कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकचा कागद अंथरला आणि कालवाकालव सुरू झाली. आंटी ओंजळीनं माती टाकत होत्या, ढेकळं बोटांनी फोडत होत्या.

"किती भाग कशाचे?" काकांनी वही उघडली.

"अगाक-अगाक," आंटी म्हणाल्या. म्हणजे अंदाजानं.

"अंदाजानं म्हणजे किती?"

"अंदाजानं म्हणजे अंदाजानं."

काका आत गेले आणि काकूंचा पीठ मोजायचा काटा घेऊन आले. आंटींची प्रत्येक ओंजळ कागदावर पडण्याआधी त्यांनी काट्यावर घ्यायला लावली. पाच ओंजळी आंटींनी सहन केलं. सहाव्याला काटा बाजूला सरकवून म्हणाल्या, "तुझं लग्न झालंय ना? बायको अजून आहे?" काका हसले. पण त्या पाच ओंजळींची वजनं वहीत आहेत, मी पाहिली आहेत.

सगळं एकजीव झाल्यावर आंटींनी थोडं पाणी शिंपडलं आणि मूठभर मिश्रण दाबून काकांच्या तळहातावर ठेवलं. गोळा तसाच राहिला. पाणी टपकलं नाही. मग त्यांनी बोटानं हलकेच टोचलं आणि गोळा सुटून पसरला.

"नाऊ कॅन," त्या म्हणाल्या. म्हणजे आता जमेल.

काकांनी ती माती पुन्हा मुठीत दाबली आणि सोडली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माझी आई रोज सकाळी परसात जाऊन असंच करायची. मूठ दाबायची, सोडायची आन् म्हणायची, वाफसा आला, किंवा आला नाही. मले वाटायचं वाफसा म्हणजे कोणी पाहुणा येणार आहे. साठीला आलो, आज समजलं."

माती लगेच वापरायची नव्हती. झाकण लावून दोन आठवडे मुरू द्यायची होती. काकांना हा काळ फार कठीण गेला. ते रोज झाकण उघडून बघत. आंटी आपल्या दारातून ओरडत, "क्लोज!"

मेच्या सुरुवातीला त्यांनी पुन्हा बी लावलं. यावेळी माती दाबली नाही. डब्यांखालच्या ताटल्यांत वाळू भरली, म्हणजे पाणी साचणार नाही. रोपं आली, टिकली आणि सरळ वर निघाली. सुरुवातीची पानं साधी होती, गोलसर, कुणाच्याही नजरेत न भरणारी. आंटी रोज एक फेरी मारत, कधी मिरच्या देत, कधी नुसतं "नॉट बॅड" म्हणून जात. काकू म्हणाल्या, "माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकतात."

जुलैच्या सुरुवातीला रोपं काकांच्या छातीपर्यंत आली, आणि अंबाडी करते तेच तिनं केलं. वरच्या भागात पानांचा आकार बदलला. पाच बोटांची, लांबट, कडेला करवतीसारखे दाते असलेली पानं. आम्हा मराठी माणसांना त्यात वेगळं काहीच दिसलं नाही. अंबाडी अशीच असते.

त्याच सुमाराला गोह आंटी यायच्या बंद झाल्या. काकांनी हाक मारली तर दार अर्धवट उघडून "हेडेक" म्हणाल्या आणि लावून घेतलं. एकदा आल्या, रोपांपासून दोन हात लांब उभ्या राहिल्या आणि विचारलं, "अंकल, हे काय झाड आहे?"

"भाजी," काका म्हणाले. "माझ्या गावाची."

"भाजी," त्या म्हणाल्या आणि परत गेल्या.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी मी काकूंचा डबा परत द्यायला वर गेले होते. काकू रात्रपाळीवरून यायच्या होत्या. काका मला चहा देत होते तेवढ्यात दारात दोन माणसं उभी राहिली. साध्या कपड्यांत, एक चाळिशीच्या बाई आणि एक तरुण. त्यांनी ओळखपत्रं दाखवली. अमली पदार्थांच्या खात्याचे होते. बाई फार नम्रपणे म्हणाल्या, "सर, तुमच्या झाडांबद्दल एक फोन आला आहे. आम्ही बघू का?"

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. गांजाचं रोप घरी लावलं तर या देशात किती कडक शिक्षा होते, हे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. काकांच्या चेहऱ्यावर मात्र आधी नुसतं कुतूहल होतं. मग त्यांनी बाईंच्या नजरेबरोबर त्या पानाकडे पाहिलं, आणि त्या पानाचा आकार दुसऱ्या कुणाला कसा दिसत असेल ते त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. ते स्टुलावर बसले.

"मॅडम, ही अंबाडी आहे," ते म्हणाले. "जास्वंदीच्या कुळातली. आम्ही खातो हिला. थांबा, खाऊन दाखवतो."

त्यांनी पान तोडलं सुद्धा. तरुण अधिकारी घाईनं पुढे झाला. "सर, प्लीज, ते खाऊ नका."

बाईंनी एक पान हातमोज्यात चुरडून वास घेतला. फोटो काढले, वरून, खालून, देठांचे, बारक्या कळ्यांचे. ते कुणाला तरी पाठवले आणि म्हणाल्या की उत्तर येईपर्यंत आम्हाला थांबावं लागेल. काकांनी त्यांना आत बसायला सांगितलं. ते दारातच उभे राहिले.

तीच वेळ काकूंची घरी यायची. लिफ्टमधून त्या बाहेर आल्या, दारात अनोळखी माणसं दिसली, आणि त्या धावत आल्या. "अहो, काय झालं? ईशाला काही…" त्यांच्या तोंडून निघालं. मी त्यांना धरून बसवलं आणि सांगितलं. ऐकून आधी त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, कारण ईशा ठीक होती. मग दुसरी भीती आली आणि त्या माझा हात सोडेनात.

काकांनी मधल्या वेळात वही आणून दिली. दुसरं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. तरुण अधिकाऱ्यानं उभ्या उभ्या पानं उलटली. एका जागी तो थांबला आणि मोठ्यानं वाचलं, "वीस एप्रिल. मिसेस गोह यांनी काटा नाकारला. पुढील प्रमाण अंदाजे." त्यानं वर पाहिलं. "सर, तुम्ही हे सगळं मातीबद्दल लिहिलंय?"

"माती चुकली की सगळं चुकतं," काका म्हणाले. "दोनदा चुकली होती."

"माझी आईही कुंड्या लावते," तो म्हणाला. "तिची मिरची कायम पिवळी पडते."

"पाणी उभं राहतं का?" काकांनी विचारलं. त्या अवस्थेतही. बाईंनी त्याच्याकडे एक नजर टाकली आणि तो गप्प झाला.

चाळीस मिनिटांनी फोन आला. बाईंनी ऐकलं, दोन प्रश्न विचारले आणि फोन ठेवला. "हिबिस्कस," त्या म्हणाल्या. "सर, त्रासाबद्दल माफ करा. पण आम्हाला यावंच लागतं." मग जाता जाता थांबून म्हणाल्या, "एक सुचवू? पाटी लावा."

ते गेल्यावर काका हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ वाहत राहिला. परत आले ते ओले हात तसेच घेऊन. काकूंनी त्यांना हाताला धरून बसवलं, नर्सच्या सवयीनं नाडी धरली आणि धरूनच ठेवली.

फोन कुणी केला हे आम्हाला विचारायची वेळ आली नाही. संध्याकाळी गोह आंटी स्वतः आल्या. काकूंनी दार उघडलं. आंटी उंबऱ्याबाहेरच उभ्या राहून म्हणाल्या, "आय कॉल. मी केला फोन."

काकूंनी दार अर्धंच धरून ठेवलं. मी त्यांचा चेहरा इतका कठोर कधी पाहिला नव्हता. त्या म्हणाल्या, "विचारायचं होतं ना. चार दारं तर आहेत मध्ये."

"विचारलं," आंटी म्हणाल्या. "अंकल म्हणाला भाजी. ज्याच्याकडे ते असतं तो पण भाजीच म्हणणार." मग त्या भराभर बोलत सुटल्या. क्लिनिकमध्ये त्यांनी पोस्टर पाहिलं होतं, त्यावर तेच पान. ती माती त्यांनी आपल्या हातांनी कालवली होती. तीन रात्री झोप नव्हती. फोन केला नाही तर आपण चूक, आणि केला तर अंकल जाणार. "मी तेव्हा माझ्या दारामागे उभी होते. फोर्टी मिनिट्स. मी रडत होते," त्या म्हणाल्या.

काका आतून आले. त्यांनी आंटींसाठी खुर्ची ओढली. "आंटी, माझ्या इंजिन रूममध्ये ज्या माणसाला जळका वास आला आणि त्यानं अलार्म दिला नाही, त्याला मी जहाजावरून उतरवायचो. ज्यानं दिला आणि काही निघालं नाही, त्याला मी कधी बोललो नाही. बसा."

आंटी बसल्या. काकू आत निघून गेल्या.

काकूंचा राग चार दिवस टिकला. काका त्यांना समजवायला गेले नाहीत, तेवढं त्यांना कळत होतं. पाचव्या दिवशी काकूंना सुट्टी होती. सकाळी त्या कात्री घेऊन कॉरिडॉरमध्ये आल्या आणि शेंड्यांची कोवळी पानं खुडायला लागल्या. आंटी आपल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या, इकडे न बघता. थोड्या वेळानं काकू तिकडे न बघताच म्हणाल्या, "आंटी, किती खुडायची? झाडाला लागेल असं नको."

आंटी आल्या. त्यांनी एक शेंडा दोन बोटांत धरून दाखवला. "इथं तोड. मग दोन बाजूंनी फुटेल." दोघींनी मिळून टोपली भरली.

दुपारी मलाही बोलावणं होतं. टेक्काच्या भारतीय बाजारातून काकांनी ज्वारीचं पीठ आणलं होतं आणि यावेळी कण्याही मिळाल्या होत्या. भाकऱ्या काकूंनी थापल्या. भाजी गोळीबंद झाली होती, वर लसणाचं तेल, बाजूला कांदा. काकूंनी पहिला घास घेतला आणि काका त्यांच्या तोंडाकडे बघत बसले, मुलाखतीला बसल्यासारखे.

"आता बरोबर," काकू म्हणाल्या.

काकांनी मान खाली घातली आणि जेवायला लागले. बऱ्याच वेळानं त्यांनी वर पाहिलं तेव्हा डोळे पुसले.

आंटींनी भाजी भातावर घेतली. दोन घास खाल्ले, विचार केला आणि म्हणाल्या, "आंबट. गुड. नेक्स्ट टाइम पुट प्रॉन." काकूंना हसू आवरेना. पुढच्या खेपेला त्यांनी खरंच एका वाटीत सुकी कोळंबी घालून आंटींसाठी वेगळी केली. काका म्हणतात तीही वाईट लागत नाही, पण हे मूर्तिजापूरला कुणाला सांगू नका.

पाटी लागली. काकांनी ती पाच भाषांत करून घेतली. चिनी ओळ आंटींनी लिहिली, तमिळ आणि मलय खालच्या मजल्यांवरच्या शेजाऱ्यांनी. ‘ही अंबाडी आहे. ही खाता येते. हवी असल्यास बेल वाजवा.’ लोक खरंच बेल वाजवतात. बहुतेकांना भाजी नको असते, माती कशी केली ते हवं असतं. काका त्यांना समोर बसवून मूठ दाबायला लावतात. प्रमाण विचारलं की वहीतले आकडे सांगतात. पलीकडून आंटी ओरडून ते खोडून काढतात.

ऑगस्टमध्ये काकांना जुन्या कंपनीतून फोन आला. एका जहाजावर चार महिन्यांसाठी चीफ हवा होता. काकूंनी आधीच मनाची तयारी केली होती, त्यांनी मला सांगितलं. बॅग कुठं आहे तेही बघून ठेवलं होतं. काकांनी दोन दिवस विचार केला आणि नकार कळवला. त्याऐवजी तुआसच्या एका यार्डात दुरुस्तीला आलेली इंजिनं तपासायचं काम घेतलं, आठवड्यातून तीन दिवस.

परवा सकाळी लिफ्टमध्ये दोघं मला भेटले. काकू ड्यूटीवर निघाल्या होत्या, काका यार्डात. काकांच्या हातात कापडी पिशवी होती आणि त्यातून लसणाचा वास येत होता.

"छत्तीस वर्षांत पहिल्यांदा यांचा डबा करते," काकू मला म्हणाल्या. "दुपारच्या जेवणाचा, आणि संध्याकाळी रिकामा परत येणारा."

"परवा झाकण यार्डात विसरलो," काका म्हणाले.

"ते आज आणा," काकू म्हणाल्या, आणि दार उघडल्यावर दोघं एमआरटी स्टेशनकडे चालू लागले.